थेंबही न घेतलेल्या माणसाचं लिव्हर

विष्णू,

माणूस जातो आणि त्याचं नाव मागे उरतं, असं म्हणतात. तुझं नाव सध्या भोकरदनच्या बसस्टँडसमोर विजेच्या खांबाला सुतळीनं बांधलेलं आहे. फ्लेक्सवरचा फोटो कुणाच्या तरी लग्नातला आहे. डोक्यावरचा फेटा कापून टाकलाय, पण कानाजवळ त्याचा गुलाबी काठ राहून गेलाय. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे इतके आहेत, की मेलं नक्की कोण हे कळायला जरा वेळ लागतो. मजकूर असा: 'व्यसनमुक्तीचे अग्रदूत विष्णूअण्णा यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.'

सुमनवहिनींनी तो फलक वाचला आणि म्हणाल्या, "अल्पसा? ह्या लोकांनी कधी दवाखान्यात सतरंजी टाकून बसून पाह्यलंय का?"

आजकाल बोलायचा कंटाळा येतो. आपल्या वयाला शोकसभा हाच मुख्य सामाजिक कार्यक्रम होऊन बसतो. यंदा मी इतक्या सभांना गेलो की वक्ते तोंडपाठ झालेत. मृताचं नाव बदलतं, 'पोकळी' तीच असते. ती भरून न येणारीही तीच असते. तुझ्या सभेला जाताना वाटलं, आता शेजारी बसून कानात "ह्याची पोकळी कितवी?" असं विचारणारा कोणी नाही. एवढ्याशा गोष्टीनं मला थकून खाली बसावंसं वाटलं.

आपण एका बाकावरचे. मी शिकत राहिलो आणि जालन्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालो, म्हणून तुझ्या तोंडी थट्टेनं 'सर'. तू बियाणं कंपनीत लागलास आणि जन्मभर मोटारसायकलवर राहिलास. कपाशीच्या बीजोत्पादनाचे प्लॉट बघायचे, फुलांवर परागकण बराबर लागतायत का ते तपासायचं, आणि पुढच्या गावाला जायचं. पण प्लॉटला जायचा रस्ता शेतकऱ्याच्या ओट्यावरून जातो, आणि ओट्यावर चहा असतो. एकदा मी तुझ्याबरोबर आलो होतो. दुसऱ्या घरी मी चहा नको म्हणालो. बाहेर पडल्यावर तू गाडीला किक मारायची थांबलास.

"सर, आजच्यापुरतं ठीक आहे. पण हितं चहा नको म्हणणं म्हंजे तुमच्या घरचं चालत न्हाई म्हणणं."

तेव्हा मला ते अतिशयोक्त वाटलं. मग त्याच दिवशी तू गावाच्या कडेच्या वस्तीत एका घरी खाटेवर बसलास, आणि तिथल्या म्हाताऱ्यानं स्वतः कप आणून तुझ्या हातात दिला. तुझे वडील त्या घरापुढून जाताना चाल वाढवायचे, हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं आणि म्हाताऱ्यालाही माहीत होतं. तू सावकाश, आवाज करत, बशीतून प्यायलास. भाषण नाही, समता नाही, काही नाही. "साखर बराबर पडलीय," एवढंच म्हणालास. मी आयुष्यात ऐकलेल्या व्याख्यानांपेक्षा तो भुरका मला जास्त पटला. पुढे तुझ्या चहावर मी इतके टोमणे मारले, पण ही गोष्ट तुला कधी बोलून दाखवली नाही. आता दाखवतोय, उपयोग नाही.

दारूचं मात्र तुला वावडं. नुसतं वावडं नाही, वैर. गावातलं देशीचं दुकान बंद करायला तू बायकांना गोळा केलंस, मतदान घडवलंस आणि बाटली आडवी केलीस. काशिनाथशेठचं दुकान बंद झालं. तेव्हापासून तू तालुक्यात 'बाटलीवाले अण्णा' झालास. हे नाव परक्या माणसानं ऐकलं तर त्याचा भलताच समज व्हावा, पण तुला ते पदवीसारखं होतं.

मी वर्षाकाठी चार-दोनदा घेतो. तू त्या बैठकांना यायचास, माझ्यावर नजर ठेवायला. आम्ही पेला घ्यायचो आणि तू कोल्ड्रिंकच्या बाटल्या, खारे शेंगदाणे, भजी, शेव आणि वर आमचा तिरस्कार. आम्ही एक पेला पुरवून पुरवून प्यायचो, तेवढ्यात तू चकण्याची परात संपवून आम्हाला संयमावर बोलायचास. पुढे माझ्या सोनोग्राफीत लिव्हर नॉर्मल आलं आणि तुझ्यात चरबी. तू तो रिपोर्ट वाचून माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी चिठ्ठ्या बदलल्या.

खरं तर पहिल्यांदा तू हसलाच होतास. कंपनीच्या तपासणी शिबिरात 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' आलं होतं. तू फोन करून सांगितलंस, "पास झालो, सर! ग्रेड वन!" जन्मभर बियाण्याची प्रतवारी पाहिलेला माणूस, पहिल्या प्रतीला वाईट म्हणतात हे तुझ्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, अरे, हा उलटा आकडा आहे, वाढला की बिघडतं. "मंग एकवरच हाय ना? ठीक हाय की." बहुतेकांचं तिथेच थांबतं, हेही खरं. तुझं थांबलं नाही.

पुढे पाय सुजले, पोटात पाणी झालं, आणि संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं, "काका, दारू?" तू नाही म्हणालास. आत त्यांच्या सहायकानं विचारलं, मग नर्सनं विचारलं. तिसऱ्या वेळी तुझा आवाज चढला. वहिनींनी पदर सावरत सांगितलं, "बाई, ह्यांनी दुसऱ्यांचीबी सोडवली हो." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझा विश्वास आहे काका. न पिणारे पुष्कळ येतात माझ्याकडे. विचारावं लागतं." पण तू त्या दिवशी काळवंडलास तो आजारानं नाही.

गाडीत तू मला म्हणालास, "गावात पोटाचं दुखणं सांगायचं. लिव्हर हा शब्द काढायचा न्हाई."

"का?"

"लोकं काय म्हणतील म्हाईत हाय मला. बाटली आडवी करणाराच आडवा झाला."

हे वाक्य तू स्वतःच, कुणी बोलायच्या आधी, इतकं नेटकं तयार ठेवलं होतंस की मला हसू आलं. तुला नाही आलं.

त्यानंतरची आपली शाळा आठवते? नवीन जालन्यात, स्टेशनबाहेरच्या टपरीवर. माझा फिका, तुझाही आता फिका, आणि तू त्या कपाकडे बघायचास जसं कुणी नकोशा जावयाकडे बघावं.

"सर, जन्मभर पोरांपुढं बेडूक फाडले. आता माझं सांग. नेमकं काय बिघडलं?"

"लिव्हरमध्ये चरबी साठली. तिनं सूज आली, सुजेनं वण—"

"हळू! पोट म्हण, पोट."

"पोटात बऱ्याच वस्तू असतात, विष्णू."

"मंग त्यातली दुसरी कोन्तीबी घे."

म्हणून मी आतड्यापासून सुरुवात केली. शास्त्रासाठी नाही, तुझ्या अब्रूसाठी. सांगितलं की आतड्याच्या अस्तरात मधूनमधून काही पेशी असतात, आणि अन्न खाली उतरलं की त्या रक्तात हार्मोन सोडतात.

"हार्मोन बायकांचं असतंय ना?"

"आतड्याचंही असतं. निरोप समज. वरच्या भागातला निरोप साधारण असा: माल आलाय, साठवून घ्या. खालच्या भागातले निरोप वेगळे. मेंदूला: पुरे झालं. जठराला: जरा हळू सोड. स्वादुपिंडाला: साखर येतेय, इन्सुलिन काढ. आणि अगदी शेवटच्या टोकाकडून एक थेट लिव्हरला: थांब आता, नवी चरबी बनवू नको."

तू कप खाली ठेवलास. "म्हंजे आतडं फिल्डवर, अन् लिव्हर गोडाऊन."

"जवळपास."

"अन् माझा चहा?"

"साखरेचा चहा वरच्या वरच शोषला जातो. खालच्या टोकाला त्याची खबर जेमतेम लागते. दिवसभर वरचा माणूस 'भरा, भरा' म्हणतोय, आणि 'बस' म्हणणाऱ्याला काही कळवलंच जात नाही."

तुझा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला. "मंग चूक फिल्डची हाय! गोडाऊनचा काय दोष? त्याला रिपोर्टच बराबर गेला न्हाई. मी काय म्हणत होतो? पोटाचंच दुखणं हाय."

अब्रू वाचवायला सांगितलेलं खोटं निदान अर्धं खरं निघावं, हे भाग्य थोड्यांना लाभतं. पण मला गप्प बसवेना. मी म्हटलं, इतकं सरळ नाही. चरबीनं भरलेलं लिव्हरही निरोप नीट ऐकत नाही. अशा माणसांत 'पुरे'चा निरोप फिका पडलेला दिसतो, पण तो आधी फिका पडला की लिव्हर आधी भरलं, याचा छडा पुरता लागलेला नाही. इन्सुलिन काढायला सांगणारा तो निरोप तर लिव्हरला थेट ऐकू येतो की इतरांकडून कळतो, यावरही वाद आहे.

"म्हंजे तुम्हा शिकलेल्यांनाच म्हाईत न्हाई."

"थोडं माहीत आहे."

"मंग माझंच चालू द्या."

हा वाद आपण पुढच्या प्रत्येक भेटीत केला. तू फिल्डला दोष द्यायचास, मी गोडाऊनला. एकदा मी चिडून म्हणालो, "समज, तुझ्या मेंदूला निरोप अगदी स्पष्ट पोचला असता, पुरे म्हणून. समोर बाई कप घेऊन उभी आहे. काय केलं असतंस?"

तू पटरीकडे तोंड केलंस. "प्यालो असतो," म्हणालास.

तिथे खरं तर वाद संपायला हवा होता. आतड्याचा निरोप कितीही जोरात आला तरी ओट्यावरच्या माणसाचा मान त्याच्याहून मोठा, हे कुठल्या पुस्तकात नाही. पण मी जिंकल्यासारखा हसलो आणि तू विषय बदललास.

विषय होता बंडू. डॉक्टरीणबाईंनी त्या आतड्याच्या निरोपाची नक्कल करणाऱ्या नव्या इंजेक्शनांचं सांगितलं होतं. भूक आवरते, वजन उतरतं, लिव्हरमधली चरबी कमी होते. सगळ्यांना नाही, आणि वेळेत दिलं तर. तुझ्या लिव्हरला वण पडून ते दगडासारखं झालं होतं, तुझ्यासाठी ती वेळ गेली होती. तू ते शांतपणे ऐकलंस आणि मला विचारलंस, "बंडूला चालंल का?"

तुझा धाकटा भाऊ. एमआयडीसीत बियाण्याच्या गोडाऊनवर, तुझ्यासारखंच पोट, तुझ्यासारखाच निर्व्यसनी, आणि म्हणून आपल्याला काही होणार नाही याची तुझ्याइतकीच खात्री.

"आधी तपासलं पाहिजे. त्याला सांग तुझं काय झालंय ते."

"न्हाई. तो गावभर करंल. त्याच्या पोटात काही ऱ्हात न्हाई."

"चरबी राहते."

तू हसलास, मग खोकलास. "मी गेल्यावर सांगा. पण सर, तू सांगू नको."

"का?"

"तू पितोस. तुझ्या तोंडून लिव्हर निघालं की लोकं म्हणतील, दोघं संगं बसायचे."

"मग कोण सांगणार?"

"बघ आता तूच," म्हणालास आणि रिक्षाला हात केलास. तू आजवर मला दिलेली सगळी कामं अशीच होती.

शोकसभा मंगल कार्यालयात झाली. स्टेजवर लग्नाची झालर तशीच होती. पहिल्या वक्त्यानं तुला वटवृक्ष म्हटलं, दुसऱ्यानं दीपस्तंभ. भोकरदनला समुद्र नाही, पण तरी. तिसऱ्यानं तुझ्या नावानं चौक करायची मागणी केली, ज्या चौकाला आधीच एक नाव आहे आणि ते कोणी वापरत नाही. सगळ्यांनी 'अल्पशा आजाराने' म्हटलं. बंडू पहिल्या रांगेत, सदऱ्याची बटणं पोटावर ताणलेली, मान हलवत होता. दोघं-तिघं त्याला धीर द्यायला म्हणत होते, "तुला काय भीती? तुला तर सुपारीचंबी व्यसन न्हाई."

मग माझं नाव पुकारलं.

मी तुझा शब्द पाळायचा प्रयत्न केला, विष्णू. लिव्हर म्हणायचं नाही आणि बंडूला कळलं पाहिजे. म्हणून मी तुझ्या शोकसभेत आतड्यावर बोललो. वरचा भाग, खालचा भाग, निरोप. लोकांनी पहिल्यांदा श्रद्धेनं ऐकलं, कारण प्राध्यापक कठीण बोलतातच. मग एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मी पित्तापर्यंत पोचलो होतो तेव्हा बायकांच्या बाजूनं वहिनींचा आवाज आला.

"भाऊजी, आतडी बास झाली. सरळ सांगा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तेव्हा मी सांगितलं: विष्णूचं लिव्हर गेलं. चरबी साठून गेलं. त्यानं दारूचा थेंबही कधी घेतला नाही. आणि ज्यांची पोटं त्याच्यासारखी आहेत त्यांनी तपासून घ्यावं, पीत असोत वा नसोत.

तू म्हणाला होतास तसंच झालं, अगदी शब्दाला शब्द. मागच्या खुर्च्यांवरून कुजबूज आली, "लिव्हर? मंग बरूबर. सर अन् अण्णा संगं बसायचे म्हनं." कुणीतरी दबकं हसलं. वाटलं, तुझं नाव मी माझ्या तोंडानं घालवलं, आणि तेही माहीत असून.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक म्हातारा उठला. काशिनाथशेठ. तू ज्याचं दुकान बंद पाडलंस तो. तो आल्याचं मी पाहिलंही नव्हतं.

"कोण बोललं रे ते? गप बसा!" तो म्हणाला. "ह्या गावात कोण पितं अन् कोण न्हाई, ते मला इचारा. दुकान माझं होतं. तुझा बाप येत होता," हे त्यानं मागे वळून एकाला सांगितलं, "मागल्या दारानं. अण्णा कधी आला न्हाई. आल्ता तो एकदाच, बंद करायला. अन् तवाबी माझ्या घरी चहा पिऊन गेल्ता."

तो खाली बसला. आता हसायला कोणी उरलं नव्हतं. ज्याचा बाप मागल्या दारानं जायचा तो चप्पल शोधत होता. तुझ्या निर्व्यसनीपणाचा दाखला फ्लेक्सनं दिला, पुढाऱ्यांनी दिला, मी दिला. चालला फक्त दारूवाल्याचा. हे तुला फार आवडलं असतं. तू ते मला महिनाभर ऐकवलं असतंस.

अध्यक्षांनी समारोपात "सरांनी अभ्यासपूर्ण श्रद्धांजली वाहिली" असं म्हटलं आणि पोकळी निर्माण झाल्याचं जाहीर केलं.

बाहेर बंडू माझ्याजवळ आला. डोळे सुजलेले. "सर, ते माल भरायचं परत सांगा. वरचा माणूस काय म्हणतो?"

मी त्याला तुझ्या शब्दांत सांगितलं. फिल्ड, गोडाऊन, रिपोर्ट. तो गोडाऊनवरचाच माणूस. "थप्प्या छताला लागल्या, अन् बीच्या पोत्यांना हवा न्हाई मिळाली, तर बी मरतं की सर. दादाचं तसं झालं का?"

"तसंच."

"मंग चूक कुणाची? आतड्याची का लिव्हरची?"

तू समोर नव्हतास. वाद जिंकायला इतकी सोपी वेळ पुन्हा आली नसती.

"तुझा दादा म्हणायचा, आतड्याची," मी म्हटलं. "त्याचं चालू दे."

तर विष्णू, कळवायचं ते इतकंच. काल बंडूला जालन्याला सोनोग्राफीला बोलावलं होतं. मी वेळ घेतली, दारात जाऊन उभा राहिलो. तो आला, वेळेवर आला, घाबरलेला होता पण आला. ही तपासणी उपाशीपोटी करायची असते. पण ज्याचा भाऊ नुकताच गेलाय त्याला दारावरून कोरडं कसं पाठवायचं, म्हणून भोकरदनला चुलतीनं, राजूरला मेव्हण्यानं आणि जालन्यात शिरताना एका मित्रानं त्याला थांबवलं होतं. तिन्ही ठिकाणी चहा झाला. एका ठिकाणी बिस्किटंही होती.

त्याला उद्या परत बोलावलंय.